वेस्टच्या पाइपातून धार लागली की: मल्टीपोर्ट व्हॉल्व्हचं गॅस्केट बदलताना

पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरचं हँडल ‘फिल्टर’वर आहे, पंप नेहमीच्या आवाजात चालू आहे, पाणीही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतंय, आणि तरी दर दोन-तीन दिवसांनी तलावात पाणी सोडावं लागतंय. उन्हाने आटलं म्हणून आपण सोडून देतो. मीही पहिल्या वेळी तसंच केलं होतं. मग एकदा वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी वाकून पाहिलं, तर तिथे शांतपणे धार लागलेली. एक लिटरची बाटली मिनिटाभरात भरेल एवढीच. पण पंप आठ तास चालत असेल तर ती धार 480 लिटर पाणी घेऊन जाते. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद तलावात म्हणजे रोज जवळजवळ एक सेंटिमीटर पातळी. शिवाय जाताना त्यातलं क्लोरीनही घेऊन जाते, ते वेगळंच.

गुन्हेगार बहुतेक वेळा एकच असतो: सँड फिल्टरवरच्या (म्हणजे पाणी गाळणाऱ्या वाळूच्या टाकीवरच्या) मल्टीपोर्ट व्हॉल्व्हच्या पोटातलं रबरी गॅस्केट. पाणी कुठून कुठे जायचं ते हँडल फिरवून ठरवतो, तो हा व्हॉल्व्ह. त्याला स्पायडर गॅस्केट म्हणतात. मला विचाराल तर ते कोळ्यापेक्षा बैलगाडीच्या चाकासारखं दिसतं. बाहेर एक कडं, मध्ये एक छोटं कडं आणि दोघांना जोडणारे आरे. हे चाक बदलायला निवांत हाताने दोन तास पुरतात. त्यातला दीड तास साफसफाईचा आणि नवं रबर बसवायला दहा मिनिटं. ज्यांचं गॅस्केट महिन्याभरात पुन्हा गळायला लागतं, त्यांनी बहुतेक हा हिशोब उलटा केलेला असतो.

आत काय चाललेलं असतं ते आधी सांगतो, कारण ते एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढची प्रत्येक गोष्ट का करायची हे विचारावं लागत नाही. व्हॉल्व्हच्या बॉडीत खण असतात. एक खण टाकीत वरून पाणी सोडणारा, एक टाकीच्या तळातून गाळलेलं पाणी वर आणणारा, एक तलावाकडे जाणारा, एक वेस्टचा. या खणांच्या भिंतींच्या माथ्यावर खाच असते आणि त्या खाचेत हे रबरी चाक बसतं. त्यावर रोटर नावाची प्लास्टिकची जाड चकती. हँडल फिरवलं की रोटर फिरतो आणि कोणता खण कोणाला जोडायचा ते ठरतं. रोटरच्या डोक्यावर एक दणकट स्प्रिंग असते, ती त्याला सतत गॅस्केटवर दाबून धरते. म्हणजे प्रत्येक आरा हा दोन खणांमधला बांध आहे. वेस्टच्या खणाशेजारचा बांध फुटला की पाणी वेस्टला जातं. दुसरा एखादा फुटला तर बाहेर काहीच दिसत नाही. पंपाकडून आलेलं पाणी वाळूतून न जाता आतल्या आत शेजारच्या खणात उतरतं आणि तसंच न गाळलेलं तलावात परत येतं. फिल्टर तासन्‌तास चालवूनही पाणी गढूळ राहतंय, औषधांचं प्रमाण बरोबर आहे आणि प्रेशरही वाढत नाहीये, असं असेल तर ही शंका जरूर घ्या.

(काही बनावटींमध्ये गॅस्केट बॉडीच्या खाचेत नसून रोटरच्या खालच्या अंगाला असतं. तत्त्व तेच. काहींमध्ये ते रोटरला कायमचंच जोडलेलं येतं. तिथे अख्खा रोटर बदलावा लागतो, नुसतं रबर मिळत नाही.)

पाणी कुठून गळतंय ते नीट बघा. व्हॉल्व्हमध्ये रबर तीन जागी असतं. हँडलच्या बुडाशी, हँडल आणि रोटर यांना जोडणाऱ्या दांड्याभोवती पाणी येत असेल तर दांड्याच्या ओ-रिंगा गेल्या. झाकण आणि बॉडी यांच्या सांध्यातून येत असेल तर झाकणाखालची मोठी ओ-रिंग, किंवा एखादा ढिला स्क्रू, किंवा झाकणालाच गेलेला तडा. या दोन्हींत स्पायडर गॅस्केटचा दोष नाही. ते गळतं ते फक्त आतल्या आत, आणि बाहेर कळतं ते वेस्टच्या पाइपातून. व्हॉल्व्हला वेस्टचं पाणी दिसावं म्हणून पारदर्शक साइट ग्लास असेल तर काम सोपं. हँडल ‘फिल्टर’वर असताना त्यात पाणी हलताना दिसता कामा नये. आणि तलावाच्या तळाशी वाळू येऊन बसत असेल तर ते दुखणं टाकीतलं आहे, बहुधा खालच्या चाळणीच्या नळ्यांपैकी एखादी मोडली आहे. त्यासाठी व्हॉल्व्ह उघडून उपयोग नाही.

वेस्टचा पाइप जमिनीखाली गडप झालेला असेल आणि तोंड दिसतच नसेल तर बादलीची परीक्षा करा. बादली तलावाच्या पायरीवर ठेवा, आत आणि बाहेर पाण्याची पातळी सारखी करा, दोन्हीकडे खूण करा. तरंगू नये म्हणून आत एखादा दगड टाका. चोवीस तासांनी बघा. बाष्पीभवन दोन्हीकडे सारखंच होतं, तेव्हा तलावाची पातळी जास्त उतरली असेल तर तो फरक म्हणजे गळती. एकदा पंप नेहमीसारखा चालवून आणि एकदा बंद ठेवून हे करा. पंप चालू असतानाच फरक पडतोय तर संशय व्हॉल्व्हवर पक्का होत जातो. मात्र वेस्टचं तोंड तलावाच्या पातळीपेक्षा खाली असेल तर फाटकं गॅस्केट पंप बंद असतानाही गळत राहतं, हे ध्यानात असू द्या. या एका गोष्टीमुळे मी एकदा दोन दिवस भलत्याच पाइपाच्या मागे लागलो होतो.

झाकणाला हात लावण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. वाळूचा एखादा कण रबर आणि रोटरच्या मध्ये अडकला तरी नेमकी अशीच धार लागते. पंप बंद करा, हँडल दाबून ‘बॅकवॉश’वर न्या (यात पाणी वाळूतून उलटं जाऊन घाण वेस्टला काढतं), पंप दोन-तीन मिनिटं चालवा. पुन्हा बंद करून ‘रिन्स’ (यात पाणी वाळूतून सरळ जाऊन वेस्टला निघतं), अर्धा-एक मिनिट. पुन्हा बंद करून ‘फिल्टर’. हँडल खाचेत पूर्ण खाली बसलंय ना ते तळव्याने दाबून बघा. अर्धवट बसलेलं हँडलही रोटर वर उचलून धरतं. हे दोनदा केल्यावर धार थांबली तर तो कणच होता. तेवढ्यावर काम मिटलं. नाही थांबली तर पुढे वाचा.

नवं गॅस्केट आणताना व्हॉल्व्हचा मॉडेल नंबर बघूनच आणा. तो झाकणावरच्या लेबलवर किंवा बॉडीच्या बाजूला कोरलेला असतो. दीड इंची आणि दोन इंची व्हॉल्व्हचं गॅस्केट वेगळं, आणि एकाच मापाच्या दोन बनावटींचंही वेगळं. नंबर पुसला गेला असेल तर व्हॉल्व्ह उघडून माप घ्यावं लागेल. पण माप जुन्या रबराचं घेऊ नका, खाचेचं घ्या. क्लोरीनच्या पाण्यात काही वर्षं काढलेलं रबर फुगलेलं असतं किंवा ताणलेलं असतं, त्याच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. बाहेरच्या कड्याचा व्यास, आऱ्यांची संख्या, खाचेची रुंदी आणि खोली, एवढं लिहून घ्या आणि वरून एक फोटो काढा. त्याच फेरीत झाकणाची ओ-रिंग आणि दांड्याच्या ओ-रिंगाही घेऊन टाका. एकदा झाकण उघडलंच आहे तर त्या जुन्याच ठेवणं हा कंजूषपणा नंतर दुसऱ्यांदा झाकण उघडायला लावतो.

बाकी सामान घरातलंच: पेचकस, नटांच्या मापाचा पाना, कायम शाईचा मार्कर, जुना टूथब्रश, कापसाच्या काड्या, लाकडाची किंवा प्लास्टिकची टोकदार काडी, भरपूर कोरडी फडकी, आणि सिलिकॉन ग्रीस. सिलिकॉनच. पेट्रोलियम जेली किंवा गाडीचं ग्रीस नको. सुरुवातीच्या दिवसांत हाताशी होतं म्हणून मी झाकणाच्या ओ-रिंगला साधं पिवळं ग्रीस चोपडलं होतं. पुढच्या वेळी झाकण उघडलं तर रिंग फुगून एवढी लांब झालेली की खाचेत परत बसेचना. एक बाजू दाबली की दुसरी उसळायची. असल्या रबराला खनिज तेल चालत नाही.

आता पाणी बंद करणं. हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच सगळे घाई करतात. पंप टायमरवर असेल तर नुसता टायमर बंद करून चालणार नाही, मेन एमसीबी खाली पाडा. तुमचा हात व्हॉल्व्हमध्ये असताना टायमरने आपली वेळ पाळली तर काय होईल याचा विचार करा. मग टाकीवरचा किंवा व्हॉल्व्हवरचा हवा सोडायचा नॉब उघडा, प्रेशर गेजचा काटा शून्यावर येऊ द्या.

पुढचा प्रश्न: तुमचा फिल्टर तलावाच्या पाण्याच्या पातळीच्या वर आहे की खाली? वर असेल तर पाइपातलं थोडं पाणी सांडेल, बाकी काही नाही. खाली असेल, जसा तळघरातल्या किंवा खड्ड्यातल्या पंपघरात असतो, तर सक्शनचे (तलावातून पंपाकडे पाणी आणणाऱ्या लाइनचे) आणि रिटर्नचे (गाळलेलं पाणी तलावात परत नेणाऱ्या लाइनचे) सगळे व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय झाकणाच्या एकाही स्क्रूला हात लावू नका. सक्शनकडचे लोकांच्या लक्षात राहतात, रिटर्न विसरतात. मी विसरलो होतो. शेवटचा स्क्रू निघाला आणि झाकणाच्या फटीतून पाणी चहूबाजूंनी कारंज्यासारखं उडायला लागलं; एका हाताने झाकण दाबून धरलंय, दुसऱ्या हाताने खाली पडलेला नट शोधतोय आणि अख्खा तलाव माझ्या अंगावर यायच्या तयारीत. रिटर्नच्या लाइनला व्हॉल्व्हच नसेल तर तलावाच्या भिंतीतल्या नोझलमध्ये रबरी बूच ठोका. स्किमरलाही, म्हणजे काठाजवळ वरचं पाणी ओढून घेणाऱ्या तोंडालाही, तेच.

झाकण काढण्याआधी मार्करने झाकणाच्या कडेवरून बॉडीवर उतरणारी एक सरळ उभी रेघ मारा. ही रेघ म्हणजे या सगळ्या लेखातलं सगळ्यात स्वस्त शहाणपण. काही झाकणांना अशी खाच असते की ती एकाच जागी बसतात. पण बऱ्याच झाकणांची भोकं सारख्या अंतरावर असतात आणि ते सहा-आठ प्रकारे बसू शकतं. त्यातला एकच बरोबर. एक भोक चुकलं की हँडल ‘फिल्टर’ दाखवतं आणि रोटर भलत्याच खणावर उभा असतो. माझ्या हातून हे एकदा झालं. पंप चालू केला, गेजचा काटा सरसर चढला आणि वेस्टमधून धो धो पाणी. नशिबाने मी बटणाजवळच उभा होतो. रेघेशिवाय हँडल आत्ता कोणत्या खुणेवर आहे त्याचाही फोटो काढून ठेवा.

स्क्रू बहुधा सहा, आठ किंवा दहा असतात, लांब, खाली नट. नट खालच्या खाचेत अडकलेले असतात आणि स्क्रू सुटला की टुणकन खाली पडून नेमके टाकीच्या मागे जातात. खाली फडकं पसरा. सगळे स्क्रू एका दमात काढू नका. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा, कारण खालून स्प्रिंग झाकणाला वर ढकलत असते. एका बाजूचे सगळे काढले तर झाकण तिरकं उठतं आणि उरलेल्या स्क्रूंच्या कानाशी तडकतं. हँडल दाबून दोन खुणांच्या मध्ये ठेवलंत तर रोटर गॅस्केटपासून उचलला जातो आणि हा ताण पुष्कळ कमी होतो. मी नेहमी तसंच करतो.

स्क्रू निघाले की झाकण, स्प्रिंग आणि रोटर एकत्रच सरळ वर येतात. हँडलच्या पिनेला हात लावू नका. ती पिन हेच स्प्रिंगला दाबून ठेवणारं कुलूप आहे. ती निघाली की झाकण, वायसर आणि स्प्रिंग तीन दिशांना जातात. फक्त दांड्याच्या ओ-रिंगा बदलायच्या असतील तरच पिन काढायची. तेव्हा रोटर फडक्यावर उपडा ठेवून, कोणाला तरी झाकण दोन्ही हातांनी दाबून धरायला सांगून, पिन हलकेच ठोकून काढायची आणि वायसर कोणत्या क्रमाने निघाले ते तसेच ओळीने मांडून ठेवायचे. डोळ्यांवर चष्मा असू द्या. ओ-रिंग गळत नसेल तर या वाटेला जाऊच नका.

आता आत बघा. बहुतेक वेळा दोष लगेच दिसतो: एखादा आरा खाचेतून निसटून वर आलेला, वळलेला, मध्येच तुटलेला, किंवा रोटरने कापून काढलेला. कधी तुटलेलं काहीच दिसत नाही, पण बोट फिरवलं की रबर दगडासारखं कडक आणि वरून चपटं झालेलं लागतं. जुनं गॅस्केट ओरबाडून काढायच्या आधी त्याची कोणती बाजू वर आहे ते बघून ठेवा. अनेकांची एक बाजू सपाट आणि दुसरी गोलसर असते, आणि कोणती वर ते बनावटीप्रमाणे बदलतं. नव्याच्या पाकिटावर चित्र नसेल तर जुनंच सांगेल: रोटरच्या बाजूला घासून आलेली चकाकी असते, खाचेच्या बाजूला नसते.

काडीने एका टोकाकडून उचकटत काढा. लोखंडी पेचकस खाचेत घालू नका. खाचेच्या तळावर उठलेला एक ओरखडासुद्धा पुढे पाण्याची वाट होतो, आणि तो नव्या रबरानेही बुजत नाही.

इथून पुढचा तो दीड तास. खाचेत जुन्या चिकटवणाचे पापुद्रे असतात, चुन्याचे पांढरे थर असतात, वाळू तर असतेच. सगळं निघालं पाहिजे. आधी टूथब्रश आणि पाणी. मग काडीच्या टोकाने प्रत्येक आऱ्याची खाच, विशेषतः आरा कड्याला मिळतो ते कोपरे. चुन्याच्या थरावर पांढरं व्हिनेगर लावलेलं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवलं की थर मऊ होतो. मग स्वच्छ पाण्याने पुसायचं. चिकटवण विरघळवायला थिनर किंवा पाइप जोडायच्या सोल्युशनसारखं काही वापरू नका. बॉडी प्लास्टिकची आहे, ती आधी विरघळेल. चिकटवण चिवट असेल तर नखाने, काडीने, धीराने. आमचे वस्ताद खाच झाली का विचारायला यायचे ते बोटाला कापूस गुंडाळून. कापसाचा धागा कुठेही अडकला की म्हणायचे, “अजून नाही झालं रे, बस पुन्हा.” तीच परीक्षा मी अजून करतो.

खाच साफ करताना वाळू व्हॉल्व्हच्या तोंडातून आत ढकलू नका, पुसून बाहेर घ्या. व्हॉल्व्हमध्ये मूठभर वाळू सापडली तर ती तिथे कशी आली याचा शोध वेगळा घ्यावा लागेल. टाकीत वाळू जास्त भरली असेल, किंवा पंप फिल्टरच्या मानाने फार जोरकस असेल, तर बॅकवॉशला वाळू उडून वर येते.

रोटरची खालची बाजू उजेडात तिरकी धरून बघा. हलके गोल ओरखडे चालतात. नख अडकेल एवढे खोल असतील किंवा सपाट पट्टी ठेवल्यावर मध्ये फट दिसत असेल तर रोटर वाकलाय. नवं गॅस्केटही गळेल. रोटर वाकतो तो बहुधा उष्णतेने. हँडल ‘क्लोज्ड’वर असताना कोणी पंप चालवला की तेच पाणी पंपात घुसळत राहून तापतं. बॉडीतल्या खणांच्या भिंतींना केसासारखा तडा आहे का तेही बघा. तडा असेल तर गॅस्केट बदलायचे कष्ट वाया. व्हॉल्व्हच बदलायला हवा.

नवं गॅस्केट पाकिटात दुमडून आलेलं असतं. पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका, घड्या जातात आणि रबर हाताला येतं. मग पुसून पूर्ण कोरडं करा. आधी एकदा चिकटवण न लावता बसवून बघा. मधलं कडं आधी, मग बाहेरचं कडं समोरासमोरच्या चार जागी, मग आरे. कुठेही ताणायचं नाही. आरा लांब पडतोय आणि मध्ये उचलला जातोय, किंवा आखूड पडून कोपऱ्यातून सुटतोय, तर गॅस्केट चुकीचं आहे. दाबून बसवलेलं चुकीचं गॅस्केट पहिल्या बॅकवॉशला वर येतं.

चिकटवायचं की नाही? बनवणाऱ्याने सांगितलं असेल तेच करा. ज्या खाचा खोल आणि घट्ट असतात तिथे चिकटवण लागत नाही, आणि मी लावतही नाही. खाच उथळ असेल किंवा जुन्याखाली चिकटवण सापडलं असेल, तर रबर आणि प्लास्टिक दोन्हींना चालणाऱ्या चिकटवणाचे बारीक ठिपके, गॅस्केटला नाही तर खाचेच्या तळाला. काठोकाठ ओतलंत तर ते दोन्ही बाजूंनी वर येतं, सुकल्यावर कडक कडा उभी राहते आणि रोटर त्या कडेवर बसतो, रबरावर नाही. खाच पूर्ण कोरडी असल्याशिवाय चिकटवण लावू नका. ओल्या खाचेत लावलेलं चिकटवण म्हणजे नुसता चिखल. जास्तीचं लगेच पुसा आणि नळीवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, चोवीस तास लिहिलंय तर चोवीस तास. त्या दिवशी कोणाला पोहायचंय, हा युक्तिवाद चिकटवणाला कळत नाही.

बसवल्यावर अंगठ्याने सगळीकडे दाबत एक फेरी घाला आणि डोळे पातळीला आणून आडवं बघा. सगळे आरे एका उंचीत दिसले पाहिजेत. एखादा उंच असेल तर त्याच्याखाली काहीतरी राहिलंय. काढा, पुन्हा साफ करा.

झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. पातळ म्हणजे रिंग चमकावी एवढा. ढेकळं दिसू नयेत, कारण ग्रीसच्या ढेकळात वाळू चिकटते. स्पायडर गॅस्केटच्या खालच्या बाजूला ग्रीस अजिबात नको, तिथे ते खाचेतून निसटायलाच मदत करेल. वरच्या अंगाला अगदी पुसटसं बोट फिरवलं तर रोटर पहिल्यांदा सुळकन फिरतो.

आता झाकण. मार्करची रेघ जुळवा, हँडल उघडताना ठेवलं होतं तसंच दोन खुणांच्या मध्ये ठेवा, सरळ खाली बसवा. आधी सगळे स्क्रू बोटांनी लावा. मग समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. ड्रिल मशीनला स्क्रू-बिट लावून घट्ट करण्याचा मोह होतो. प्लास्टिकला तो आवडत नाही. झाकण आणि बॉडी चहूकडून सारखी टेकली की थांबा. गळतंय म्हणून अजून आवळ, अजून आवळ करत मी झाकणांचे कान तुटलेले पाहिले आहेत. रिंग नीट बसली असेल तर जोर लागत नाही, आणि नीट बसली नसेल तर जोराने काही होत नाही.

हँडल दाबून सगळ्या खुणांवरून एक फेरी फिरवा. सगळीकडे सारखं फिरायला हवं आणि सोडल्यावर खाचेत आपणहून खाली बसायला हवं. कुठे खरखर लागली तर झाकण पुन्हा उघडा. आत्ता दहा मिनिटं जातील. पंप चालू केल्यावर तीच खरखर एखादा आरा कापेल.

बंद केलेले सक्शन आणि रिटर्नचे व्हॉल्व्ह उघडा, बुचं काढा. विसरून पंप चालू केलात तर वरचं सगळं वाया. पंपाच्या गाळणीच्या भांड्यात पाणी भरा, हँडल ‘बॅकवॉश’वर, टाकीवरचा हवेचा नॉब उघडा, मग पंप चालू. नॉबमधून हवा संपून पाण्याची सलग धार आली की बंद करा. दोन-तीन मिनिटं बॅकवॉश, पंप बंद, ‘रिन्स’वर अर्धा-एक मिनिट, पंप बंद, ‘फिल्टर’, पंप चालू. आत सुटलेला कचरा आणि वाळू यात वेस्टला निघून जाते, तलावात जात नाही.

गेज बघा आणि आकडा लिहून ठेवा. सँड फिल्टर स्वच्छ असताना काटा साधारण 10 ते 20 पीएसआयच्या (गेजवरच्या दाबाच्या मापाच्या) दरम्यान कुठेतरी असतो, तुमच्या पंपावर आणि पाइपांवर अवलंबून. तुमचा स्वच्छ आकडा जो असेल त्याच्यापेक्षा काटा 8 ते 10 पीएसआय वर गेला की बॅकवॉशची वेळ झाली. गॅस्केट बदलल्यावर हा आकडा आधीपेक्षा थोडा चढलेला दिसला तर घाबरू नका. आधी जे पाणी वाळूला चुकवून पळत होतं ते आता वाळूतून जातंय.

वेस्टच्या पाइपात बॅकवॉशचं पाणी साचलेलं असतं, ते पाच-दहा मिनिटं ठिबकत राहील. त्यावरून निकाल लावू नका. पंधरा मिनिटांनी पाइपाचं तोंड पुसून कोरडं करा आणि पुन्हा बघा.

राहिला प्रश्न हे गॅस्केट गेलंच का. वयाने जातं हे खरं, पण मी बदललेल्या बहुतेकांमध्ये आरा खाचेतून उपटलेला होता, झिजलेला नव्हता. ते होतं पंप चालू असताना हँडल फिरवल्याने. हँडल दाबलं की रोटर वर उचलला जातो, आणि त्या क्षणी पंपाचा पूर्ण दाब उघड्या पडलेल्या रबराखाली घुसतो. आरा वर येतो, रोटर त्याच्यावर बसतो, आणि पुढच्या वळणाला कापतो. दोन सेकंदांचं काम. आमच्या वस्तादांनी पंपघरात शिरणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली: “हँडलला हात लावायच्या आधी कान लाव. पंपाचा आवाज येतोय ना, मग हात खिशात.” आणि बंद केल्यावरही पाण्याचा जोर ओसरायला पाच-दहा सेकंद द्यायचे. पंप टायमरवर असेल तर बॅकवॉश करताना टायमरही बंद ठेवा. तुम्ही हँडल मधोमध धरलेलं असताना तो सुरू झाला तर तुमची चूक नसतानाही तेच होईल.

तलाव बरेच दिवस बंद ठेवायचा असेल तर हँडल कोणत्याही खुणेवर न ठेवता दोन खुणांच्या मध्ये ठेवा आणि पंप कोणी चालू करू नये म्हणून एमसीबीवर चिठ्ठी लावा. रोटरचा दाब महिनोन्‌महिने एकाच जागी राहिला की रबरावर कायमचा चर पडतो.

दुसऱ्या दिवशी, एकदा पंप पूर्ण वेळ चालल्यावर, पंप बंद करून झाकणाचे स्क्रू पुन्हा हलकेच तपासा. नवी ओ-रिंग बसते तेव्हा एखाद-दुसरा पाव वळसा सैल पडलेला असतो. मग मार्करने झाकणावर आजची तारीख आणि गॅस्केटचा नंबर लिहा. जुनं गॅस्केट टाकून देण्याआधी एकदा पुसून, कुठे फाटलंय त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी तोच आरा गेलेला दिसला तर दोष रबराचा नाही, त्याच जागी खाचेत किंवा रोटरवर काहीतरी आहे.